सयामी सरदाराचे चरित्र लिहिताना

एकोणिसाव्या शतकातील सयामी (सयाम म्हणजे आजचा थायलंड) सरदाराचे चरित्र लिहायला घेतले की पहिली अडचण येते ती नावाची, म्हणून सर्वांत आधी त्याच्या पदव्यांची वर्षवार यादी मांडावी. चुआंग बुनाग (१८०८–१८८३) यांचेच उदाहरण घेऊ. तरुणपणी पाश्चात्त्य बनावटीचे जहाज बांधणारे लुआंग सित, मोंगकुत राजाच्या कारकिर्दीतले चाव फ्राया सी सुरियवोंग आणि १८७३ पासूनचे सोमदेत चाव फ्राया ही सारी एकाच माणसाची नावे आहेत. परदेशी लोकांच्या लिखाणात तर ते ‘कलाहोम’ म्हणून भेटतात; पण ते लष्कर व दक्षिणेकडील प्रांत सांभाळणाऱ्या खात्याचे नाव आहे आणि त्या पदावर त्यांच्या आधी व नंतर इतरही होते. जुन्या कागदांत ‘बुनाग’ हे आडनाव शोधत बसू नये, कारण सयाममध्ये आडनावांचा कायदाच १९१३ मध्ये झाला.

तारखा ताडून पाहाव्यात. चुला सकरात या सयामी सनात ६३८ मिळवले की इसवी सन निघतो, असे ढोबळमानाने सांगतात. मात्र ते वर्ष मार्च-एप्रिलच्या सुमारास बदलते. चुआंग यांचा मृत्यू चुला सकरात १२४४ मधला. नुसती बेरीज केली तर १८८२ येते, प्रत्यक्षात ते १९ जानेवारी १८८३ रोजी वारले.

मग घराण्याकडे वळावे. १८ एप्रिल १८५५ च्या ब्रिटन व सयाम यांच्यातील बाउरिंग कराराने आयातीवरील जकात ३ टक्क्यांवर आली आणि ब्रिटिश प्रजेचे खटले ब्रिटिश वकिलातीकडे गेले. सयामच्या बाजूने बोलणी करणाऱ्या पाच जणांत एक राजपुत्र होता. उरलेले चौघे म्हणजे चुआंग, त्यांचे वडील, चुलते आणि भाऊ. दोनच वर्षांनी लंडनला गेलेल्या सयामी शिष्टमंडळाचे प्रमुख चुम हे चुआंग यांचे सावत्र भाऊ. हे ध्यानात न घेता कराराचे सारे श्रेय वा दोष एकट्याच्या पदरात टाकणे मला अन्यायाचे वाटते.

१८६८ ते १८७३ या काळात चुआंग हे पंधराव्या वर्षी गादीवर आलेल्या चुलालोंगकोर्न राजाचे राजप्रतिनिधी होते. हे प्रकरण लिहिताना केवळ गौरव करू नये. उपराजा (राजाखालोखालचे पद) नेमण्याचा अधिकार राजाचा असताना त्या पदावर राजपुत्र विचाइचान यांची निवड चुआंग यांच्या पुढाकाराने झाली. राजप्रतिनिधिपदाची हकिगत तिथूनच सुरू करावी.