थंडीत सामना असेल तर उभं राहण्याची मिनिटं सांभाळा

डिसेंबर-जानेवारीत श्रीनगर, दिल्ली किंवा चंदीगडच्या स्पर्धेचं पत्र आलं की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, तिथं किती डिग्री असतंय?" मी कोल्हापुरात फुटबॉलच्या पोरांचा फिटनेस बघतो आणि हिवाळ्यात संघाबरोबर उत्तरेत जातो. मी त्यांना सांगतो, डिग्री सोडा, उभं किती वेळ राहायचंय ते बघा. पळणाऱ्या गड्याचे स्नायू स्वतःच भरपूर उष्णता तयार करतात. थंडी गाठते ती वॉर्म-अपनंतर पाहुण्यांशी ओळख चालू असते तेव्हा, हाफ टाइमला आणि बेंचवर. चेंडू समोरच्या गोलपाशी फिरत असेल तर आपल्या गोलकीपरलाही गाठते. सगळी तयारी या मिनिटांसाठी करायची.

2 फेब्रुवारी 2022 रोजी अमेरिकेतल्या सेंट पॉल गावी मध्य अमेरिकेतल्या उष्ण होंडुरास देशाचा अमेरिकेशी विश्वचषक पात्रता सामना होता. खेळ सुरू झाला तेव्हा तापमान उणे 16 अंशांच्या आसपास होतं. होंडुरास 3-0 हरला, पण मला त्या सामन्यातला हाफ टाइम महत्त्वाचा वाटतो. गोलकीपर लुईस लोपेझ आणि पुढच्या फळीतला रोमेल किओतो थंडीमुळे दुसऱ्या हाफला उतरूच शकले नाहीत. फेब्रुवारी 2025 मध्ये जवळपास तेवढ्याच थंडीत अमेरिकेतल्याच उष्ण मायामीचा संघ कॅन्सस सिटीत खेळला आणि मेस्सीच्या गोलवर 1-0 जिंकला. म्हणजे उष्ण गावातून आलो म्हणून हार लिहिलेलीच आहे, असं मुळीच नाही.

आधी जाऊन सवय करून घ्यावी का, असं व्यवस्थापक विचारतात. उन्हाची सवय शरीराला दहा-पंधरा दिवसांत चांगली होते, थंडीची तशी होत नाही. त्यामुळे आठवडाभर आधी जाऊन हॉटेलचं बिल वाढवू नका. दोन दिवस आधी पोचा आणि सामन्याच्याच वेळेला, सामन्याच्याच कपड्यांत सराव करा. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटर उंच आहे, तिथं पहिल्या दिवशी दमही थोडा लवकर लागतो. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस तिथं 'चिल्लई कलान' असतो, हिवाळ्यातला सगळ्यात कडक काळ. स्पर्धा त्यात येत असेल तर दुपारचे सामने मागून घ्या. सूर्य डोंगराआड गेला की मैदान झपाट्यानं गार पडतं.

कपड्यांत सुती बनियन अजिबात नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि गडी थांबला की तेच ओलं कापड अंगातली ऊब काढून घेतं. अंगाला चिकटून बसणारं, पूर्ण बाह्यांचं पॉलिस्टरचं इनर घ्या, आणि प्रत्येकाला दोन घ्या. एक वॉर्म-अपला, दुसरं कोरडं सामन्याला. पैसे कमी असतील तर ट्रॅकसूट जुना चालेल, पण दुसरं इनर हवंच. रंग आधी बघा: इनरची बाही जर्सीच्या बाहीच्या मुख्य रंगाची आणि टाइट्स शॉर्टच्या रंगाच्या लागतात. नियमच आहे तो, रेफरी अडवतो. हातमोजे सगळ्यांना चालतात. तळव्यावर रबराचे ठिपके असलेले घ्या, नाहीतर थ्रो-इनला चेंडू सटकतो.

पायात दोन-दोन मोजे कोंबू नका. बूट आवळला की रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही आणि पाय आणखी बधिर होतात. एकच जाड मोजा घाला आणि तो घालून बूट बसतो का ते घरीच तपासा. गोठलेल्या जमिनीत लांब स्टड (बुटाच्या तळाचे खुंट) रुतत नाहीत, आखूड स्टडचे किंवा टर्फचे बूट न्या. श्रीनगरच्या टीआरसी मैदानावर कृत्रिम गवत आहे, तिथं तर तेच लागतात. बाम चोळून स्नायू गरम होत नाहीत, फक्त कातडी चरचरते. छातीला व्हॅसलीन फासूनही ऊब मिळत नाही. ते ओठांना लावा.

आता सामन्याचा दिवस. वॉर्म-अप नेहमीपेक्षा सावकाश सुरू करा, थोडा जास्त वेळ चालवा आणि शेवटची स्प्रिंट सुरुवातीच्या शिट्टीच्या जितकी जवळ आणता येईल तितकी आणा. मधल्या वेळात इनर बदलायचं, वर जॅकेट. रांगेत उभं राहताना जॅकेट घालू द्याल का, हे मॅच कमिशनरला सकाळीच विचारून ठेवा. ऐनवेळी विचारलं तर नाही म्हणण्याचीच शक्यता जास्त.

हाफ टाइमकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं. नियमानं तो 15 मिनिटांपेक्षा जास्त नसतो. खेळाडू नुसते बसून राहिले तर मांडीच्या स्नायूंचं तापमान सुमारे 2 अंशांनी उतरतं आणि स्प्रिंट मंदावते, हे मोजून पाहिलेलं आहे. सातेक मिनिटं मध्यम वेगानं पळून आलं की ती घट टळते. म्हणून आमची वाटणी अशी: आत आल्याबरोबर अंगावर जॅकेट, हातात गोड गरम चहा, चार मिनिटं कोचचं बोलणं, आणि सात मिनिटं उरली असताना सगळे पुन्हा मैदानात. कोचना बोलणं आवरतं घ्यायला सांगणं अवघड जातं, पण ते सांगावंच लागतं. फळ्यावर दोनच मुद्दे लिहा, बाकीचं पळता पळता सांगा.

चेंडूही थंडीत बदलतो. 20 अंशांच्या खोलीत 0.8 ॲटमॉस्फिअर दाबानं भरलेला चेंडू शून्य अंशांत सुमारे 0.68 वर येतो. नियमात 0.6 पासून चालतो, त्यामुळे रेफरी काही म्हणणार नाही, पण पोरांना तो दगडासारखा मेलेला लागतो आणि पास तोकडे पडतात. सरावाचे चेंडू बाहेरच ठेवा आणि हवा मैदानावरच भरा.

गोलकीपरला सांगून ठेवा की चेंडू पलीकडे असला तरी बॉक्सच्या रेषेपर्यंत ये-जा चालू ठेवायची आणि बोटं सतत उघडझाप करायची. बदली खेळाडू जोडी-जोडीनं पाळीपाळीनं पळत राहिले पाहिजेत. ज्याला उतरवायचं त्याला पाच-सहा मिनिटं आधीच उठवा.

थंडीत तहान लागत नाही, लघवी मात्र वाढते. म्हणून कोमट पाणी घोट घोट पाजत राहा. ज्याला दम्याचा त्रास आहे त्यानं वॉर्म-अपला तोंडावर बफ (गळ्यात घालायची कापडी पट्टी) ओढावा आणि इनहेलर बॅगेत तळाशी न ठेवता बेंचवर ठेवावा. श्रीनगरला सकाळी मटणाची हरिसा मिळते. ती सुरेख लागते, पण जड असते. सामना संपल्यावर खुशाल खा.

खोलीबद्दल एक गोष्ट कडकपणे सांगतो. कांगडी (निखारे भरलेलं काश्मिरी मडकं) किंवा कोळशाची शेगडी घेऊन दारं-खिडक्या बंद करून कुणालाही झोपू देऊ नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्यानं माणसं झोपेतच दगावतात. जास्तीची रजई मागा.

सामना संपला की फोटो नंतर, आधी ओले कपडे काढायचे, टोपी घालायची आणि मग बसमध्ये चढायचं. बसमध्ये मी एकेकाशी बोलत मागपर्यंत जातो. हुडहुडी भरलेला पोरगा गरम पेयानं आणि ब्लँकेटनं सावरतो. पण ज्याची जीभ जड झालीय, ज्याला जॅकेटची चेन लावता येत नाही किंवा जो काकडायचा अचानक थांबलाय आणि गप्प बसलाय, त्याला चोळत बसू नका. गुंडाळा, आडवा करा आणि बस थेट दवाखान्यात न्या.