शेजाऱ्यांच्या जिवावर बाग करताय? या चुका टाळा

सोसायटीत राहणाऱ्याला बागेसाठी फारसा खर्च करावा लागत नाही. जास्वंदीची फांदी, गवती चहाचा ठोंब, रंगाच्या रिकाम्या बादल्या, कुणाकडे ना कुणाकडे जास्तीचं असतंच. पण फुकट मिळालं म्हणून डोळे मिटून घ्यायचं?

सगळ्यांत महागात पडते ती एकच चूक. आणलेली फांदी त्याच दिवशी आपल्या कुंड्यांच्या रांगेत लावणं. आमच्याकडच्या एका काकूंनी पावसाळ्यात शेजारच्या विंगमधून डबल जास्वंद आणली. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसत होतं. मी टोकलं, तर म्हणाल्या, "अगं, बुरशी असेल, जाईल." तो पिठ्या ढेकूण होता, झाडाचा रस शोषणारी कीड. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि पिल्लं या झाडावरून त्या झाडावर नेतात. दिवाळीपर्यंत काकूंची सगळी जास्वंद पांढरी झाली, खालच्या मजल्यावरची पपईसुद्धा. मग सगळे माझ्या दारात, "औषध सांग!"

औषध आहे, पण चिकाटीचं. किडकी फांदी छाटून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल, ते मिसळायला थोडा पातळ साबण, आणि ऊन उतरल्यावर फवारणी, दर आठवड्याला. एकदा मारून "काही फरक नाही" म्हणणाऱ्यांना मी हल्ली उत्तरच देत नाही. माझ्याकडे येणारी प्रत्येक फांदी आधी दोन आठवडे जिन्यातल्या खिडकीत एकटी राहते.

दुसरं, अर्धकच्चं कंपोस्ट. शेजारी प्रेमाने पिशवी देतात आणि आपण लगेच मुळाशी ओततो. केळ्याचं साल ओळखू येतंय, पिशवी हाताला गरम लागतेय, नाकात झोंबतंय, तर तो अजून कचराच आहे. मुळं जळतील. मी वाटीभर कंपोस्टमध्ये थोडी मेथी पेरते. तीन-चार दिवसांत नीट उगवली तर वापरते, नाहीतर परत ड्रममध्ये, आणखी महिनाभर.

फर्निचरवाल्याकडचा भुसा प्लायवूडचा असेल तर नकोच, त्यात डिंक-रसायनं असतात. टपरीवरचा चहाचा चोथा धुऊन घ्या, साखरेला मुंग्या येतात. ताज्या शेणातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. हायब्रीड टोमॅटोचं बी धरून तसाच टोमॅटो मिळत नाही, बी गावरानचं मागा. आणि फांदी मागायची ती पावसाळ्यात, विचारून, कात्रीने. एप्रिलच्या उन्हात हाताने ओरबाडणाऱ्यांना मी तरी दुसऱ्यांदा देत नाही.

वाळका पाला मात्र हवा तेवढा घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ जोरात असते, तेव्हाच झाडणाऱ्या मावशींना रिकामी पोती देऊन ठेवा, म्हणजे ढीग पेटवला जाणार नाही. पोती उचलायला स्वतः खाली जा.