स्टॉकहोमला येणाऱ्या पाहुण्यांनो, बॅग भरायच्या आधी

एप्रिल उजाडला की माझ्या फोनवर ठरावीक निरोप यायला लागतात. मावशी विचारते स्वेटर किती आणू, आतेभाऊ विचारतो चार दिवसांत काय काय होईल, आणि कोणीतरी हमखास विचारतं की युरो कुठे स्वस्त मिळतील. स्वीडनमध्ये युरो नाही, क्रोना चालतो. तेव्हा सुरुवात इथूनच. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहून मी थकले, म्हणून ही यादी एकदाची लिहून ठेवते आहे.

आधी बॅग काढू नका, कॅलेंडर काढा. इथे तुमच्या हातात किती तास आहेत हे हॉटेल नाही, सूर्य ठरवतो. जूनच्या शेवटी पहाटे साडेतीनला उजाडतं आणि सूर्य मावळायला रात्रीचे दहा वाजतात. डिसेंबरात दुपारी तीनच्या आत अंधार. म्हणून उन्हाळ्यात येणार असाल तर डोळ्यांवर बांधायची पट्टी सामानात टाका. तिला हसलेले सगळे पाहुणे दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता माझ्या स्वयंपाकघरात चहा करत बसलेले असतात. आणखी एक तारीख तपासा. 19 ते 25 जूनच्या दरम्यान येणारा शुक्रवार म्हणजे मिडसमर या इथल्या उन्हाळी सणाची पूर्वसंध्या. त्या दिवशी शहर रिकामं होतं, बरीच दुकानं बंद असतात, काही संग्रहालयंही. त्या दिवशी स्कान्सेन या उघड्यावरच्या संग्रहालयात जावं, तिथे फुलापानांनी सजवलेला खांब उभा करून त्याच्याभोवती फेर धरतात.

कागदपत्रांचं थोडक्यात: शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान 30,000 युरोंचं प्रवास विमा संरक्षण लागतं. उन्हाळ्यासाठी अर्ज करणारे तुम्ही एकटे नसता, त्यामुळे भेटीची वेळ लवकर घ्या.

आता बॅग. बूट वापरून मऊ झालेले आणा, नवे कोरे नकोत. गाम्ला स्तान म्हणजे जुनं शहर, आणि तिथल्या गल्ल्या गोल दगडांनी बांधलेल्या आहेत. एका पाहुण्याच्या बॅगेचं चाक तिथेच निखळलं आणि आम्ही ती बॅग उरलेल्या वाटेवर डोक्यावर घेऊन गेलो. एक जाड कोट आणण्यापेक्षा एकावर एक घालायचे दोन-तीन पातळ कपडे आणि वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट बरं. हे जुलैतही. शहर 14 बेटांवर वसलंय, एका बाजूला मॅलारेन तलाव, दुसऱ्या बाजूला बाल्टिक समुद्र, आणि पुलावर उभं राहिलं की वारा कपड्यांची परीक्षा घेतोच. पाण्याची बाटली रिकामीच आणा. नळाचं पाणी उत्तम आहे, विकतचं घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

खाऊबद्दल मात्र ऐका, कारण इथे सगळ्यांचा हिरमोड होतो. युरोपीय संघाबाहेरून येताना प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पेढे नाहीत, श्रीखंड नाही, घरचं तूपही नाही. ताज्या फळांनाही बहुतेक वेळा रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, तेव्हा हापूसची पेटी घेऊन विमानात बसू नका. मेतकूट, गोडा मसाला, चिवडा आणा. मी तुम्हाला विमानतळावर घ्यायला येईन.

नोटा बदलून आणू नका. इथे बेकरीपासून सार्वजनिक शौचालयापर्यंत सगळं कार्डावर चालतं, आणि कित्येक ठिकाणी रोख घेतच नाहीत. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं आणा, परदेशी व्यवहार सुरू करून घ्या. आर्लांडा विमानतळ शहराच्या मध्यापासून साधारण 40 किलोमीटरवर. वेगवान गाडी वीस मिनिटांत आणते पण महाग पडते. चौघे असाल तर लोकलचं किंवा बसचं तिकीट आधी ताडून पाहा. शहरात बस, ट्राम, भुयारी रेल्वे यांना एकच तिकीट, 75 मिनिटांचं. तीन दिवस फिरायचं तर 72 तासांचा पास घ्या. 65 च्या पुढच्यांना सवलत आहे, ती आईबाबांसाठी विसरू नका. याच तिकिटावर स्लुसेनहून यूरगोर्डेन बेटाला जाणारी फेरीबोटही चालते, आणि माझ्या मते शहराचं सगळ्यात स्वस्त जलदर्शन तेच.

भुयारी रेल्वेला नुसतं वाहन समजू नका. टी-सेंट्रालेन स्थानकात निळ्या मार्गाच्या फलाटावर खडक तसाच ठेवून त्यावर निळ्या वेली रंगवल्या आहेत, सोल्ना सेंट्रुमला छत पेटल्यासारखं लाल आहे. एक पावसाळी दुपार यासाठी राखून ठेवा.

आता यूरगोर्डेन बेटावरचं वासा जहाजाचं संग्रहालय. चार दिवसांत एकच गोष्ट बघायची असेल तर ही, आणि तिला दोन तास द्या, अर्धा तास नाही. 10 ऑगस्ट 1628 रोजी स्वीडनच्या राजाचं हे नवंकोरं, 64 तोफांचं जहाज पहिल्याच सफरीला निघालं आणि जेमतेम 1300 मीटर जाऊन बंदरातच बुडालं. अंग अरुंद, वरचा भार जास्त. वाऱ्याच्या झोताने कललं आणि तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं. निघण्याआधी चाचणी झाली होती. 30 खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवलं, जहाज इतकं डोलायला लागलं की तीन फेऱ्यांनंतर चाचणीच थांबवली. जहाज मात्र थांबवलं नाही. राजाला घाई होती, आणि नाही म्हणणारा कोणी नव्हता. हा भाग समजावून सांगायला मला कधीच कष्ट पडत नाहीत. 1961 मध्ये ते वर काढलं तेव्हा लाकूड शाबूत होतं, कारण बाल्टिकचं पाणी मचूळ आहे आणि लाकूड पोखरणारा समुद्री किडा त्यात जगत नाही. नंतर सतरा वर्षं त्यावर रसायन फवारत राहिले. लाकूड जपण्यासाठी आत मुद्दाम मंद उजेड आणि थंडावा ठेवतात, म्हणून भर जुलैतही स्वेटर हातात असू द्या. अठराच्या आतल्या मुलांना तिकीट नाही. दार उघडतं तेव्हाच पोचा, दहा-अकरानंतर क्रूझची माणसं येतात.

त्याच बेटावर स्कान्सेन आहे, 1891 पासूनचं उघड्यावरचं संग्रहालय; देशभरातली जुनी घरं उचलून आणून इथे मांडलेली. लहान मुलं असतील तर अख्खा दिवस. वासा आणि स्कान्सेन एकाच दिवसात उरकणाऱ्यांचे पाय संध्याकाळी काय म्हणतात ते मी ऐकलंय.

नगरभवनात स्वतःहून फिरता येत नाही, मार्गदर्शकाबरोबरच जावं लागतं, म्हणून वेळ आधी बघून ठेवा. 10 डिसेंबरची नोबेल मेजवानी जिथे होते तो ब्लू हॉल निळा नाही. वास्तुविशारद ऑस्टबर्गला विटांचा लाल रंग आवडला, त्याने निळा गिलावा दिलाच नाही, नाव तेवढं राहिलं. 106 मीटरचा मनोरा फक्त उन्हाळी महिन्यांत उघडा असतो.

जुन्या शहरातल्या चौकात नोबेल संग्रहालय आहे. तिथल्या उपाहारगृहातली खुर्ची उलटी करून पाहा, पुरस्कार विजेत्यांनी खुर्च्यांच्या तळाशी सह्या केलेल्या असतात. मुंबईत जन्मलेले, मराठी आईचे अभिजित बॅनर्जी 2019 मध्ये धोतर नेसून पुरस्कार घ्यायला स्टॉकहोमला आले होते, हे आमच्याकडच्या प्रत्येक पाहुण्याला मी सांगतेच. त्याच चौकात नोव्हेंबर 1520 मध्ये डेन्मार्कच्या राजाने 80 हून अधिक लोकांची मुंडकी उडवली. आता तिथे आइस्क्रीम खातात. वेस्टरलॉन्गगाटान या मुख्य रस्त्यावर खरेदी करू नका, तिथेच मॉर्टेन ट्रॉट्झिग नावाची 90 सेंटीमीटर रुंदीची गल्ली शोधा आणि बॅग पाठीवरून पुढे घेऊन चढा.

जेवण महाग आहे, त्यावर उपाय दुपारचा. कामाच्या दिवशी साधारण अकरा ते दोन ‘डागेन्स लुंच’ मिळतं: एक मुख्य पदार्थ, सोबत सॅलड, ब्रेड आणि बहुधा कॉफी. शाकाहारींनी ‘वेगेटारिस्क’ हा शब्द पाठ करा. संध्याकाळी घरी खिचडी.

पाचवा दिवस असेल तर ड्रॉटनिंगहोल्मचा राजवाडा किंवा बोटीने तासाभरावरचं वॅक्सहोल्म हे बेटावरचं गाव. दोन्ही नकोत, एक निवडा.

शेवटची वस्तू फार लहान आहे. जुन्या शहरातल्या राजवाड्यासमोरच्या फिनिश चर्चमागे एका आवारात गुडघे पोटाशी घेऊन चंद्राकडे बघणारा लोखंडी मुलगा बसलाय, उंची 15 सेंटीमीटर. थंडीत लोक त्याला टोपरी विणून घालतात. आईने गेल्या खेपेला येण्याआधी फोनवर माप विचारलं. मी म्हटलं, डोकं लिंबाएवढं आहे. तिने दोन विणून आणल्या, न जाणो एक उडून गेली तर.