लॅपटॉप तापतोय? आधी दुसरं ग्राफिक्स कार्ड झोपतंय का ते बघा

नुसता ब्राउझर उघडा असतानाही लिनक्स लॅपटॉपचा पंखा घोंघावत असेल, तर लगेच थर्मल पेस्ट बदलायला घेऊ नका. दोन ग्राफिक्स कार्डांच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीन प्रोसेसरमधल्या कार्डाला जोडलेली असते. दुसरं कार्ड, बहुधा एन्व्हिडियाचं, फक्त जड कामापुरतं जागं व्हायला हवं. ते रिकामं जागं राहिलं तरी सतत काही वॅट वीज खातं. शिवाय बऱ्याच मॉडेलमध्ये दोन्ही चिपा एकाच हीटपाइपवर (उष्णता वाहून नेणाऱ्या नळीवर) बसवलेल्या असतात, त्यामुळे प्रोसेसरचं तापमानही चढतं आणि शोध भलत्याच दिशेला जातो.

खालच्या कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची.

'एलएसपीसीआय -के' चालवा. दोन्ही कार्डं, त्यांचे पत्ते आणि प्रत्येकाला कोणता ड्रायव्हर लागलाय ते दिसेल. वेगळ्या कार्डाचा पत्ता बहुधा ०१:००.० असतो. आता एक मिनिट थांबा, कारण या कमांडनेच कार्ड क्षणभर जागं होतं. मग '/सिस/बस/पीसीआय/डिव्हाइसेस/००००:०१:००.०/पॉवर/रनटाइम_स्टेटस' ही फाइल 'कॅट'ने वाचा. 'सस्पेंडेड' आलं तर कार्ड झोपलंय, उष्णतेचं कारण दुसरीकडे शोधा. 'ॲक्टिव्ह' आलं तर चोर सापडला. ही तपासणी 'एन्व्हिडिया-एसएमआय'ने करू नका: ती कमांड कार्डाला उठवूनच आकडे आणते, म्हणजे ते कायम जागंच दिसणार. पॅनलवर कार्डाचं तापमान दाखवणारं विजेट असेल तर तेही दर काही सेकंदांनी हेच करतं. आधी ते काढून टाका; पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

विजेट नसेल तर त्याच फोल्डरमधली 'कंट्रोल' फाइल बघा. तिथे 'ऑन' म्हणजे झोपायला मनाई, 'ऑटो' म्हणजे परवानगी. 'ऑटो' लिहून पुन्हा तपासा. कार्डाचा एचडीएमआय आवाजाचा भाग ०१:००.१ या पत्त्यावर वेगळा असतो. तो 'ऑन' राहिला तर मुख्य कार्डही झोपत नाही, हे हमखास सुटतं. वीज वाचवणारी टीएलपी ही प्रणाली वापरत असाल तर तिच्या सेटिंगमध्ये चार्जरवर असतानाचं रनटाइम पीएम ('कंट्रोल' फाइलीत काय लिहायचं ते ठरवणारी सेटिंग) 'ऑन' आहे का ते बघा. बॅटरीवर गार आणि चार्जर लावला की गरम, असा प्रकार असेल तर पहिला संशय इथेच घ्यावा.

एन्व्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये कार्ड पूर्ण झोपवण्याची सोय ट्युरिंग पिढीपासून, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेपासून आहे. त्यानंतरच्या ॲम्पिअर पिढीच्या आणि त्यापुढच्या लॅपटॉपवर ती बहुधा आपोआप चालू असते. ट्युरिंगवर '/ईटीसी/मॉडप्रोब.डी' मध्ये एक फाइल करून त्यात 'ऑप्शन्स एन्व्हिडिया एनव्हीरेग_डायनॅमिकपॉवरमॅनेजमेंट=०x०२' ही ओळ टाका. मग उबुंटूवर 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' किंवा फेडोरावर 'ड्रॅकट --फोर्स' चालवून रीबूट करा. जीटीएक्स १० किंवा जुन्या कार्डासाठी ही सोय नाही. तिथे उबुंटूवर 'प्राइम-सिलेक्ट इंटेल' करून रीबूट करणं आणि लागेल तेव्हा 'प्राइम-सिलेक्ट एन्व्हिडिया' करणं हाच खात्रीचा मार्ग. कटकटीचा आहे, पण चालतो.

एक चूक मात्र सर्रास होते: ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट केला (लोड होण्यापासून अडवला) की कार्ड बंद झालं असं समजणं. ड्रायव्हर नसलेलं कार्ड पुष्कळदा पूर्ण वीज घेत बसून राहतं, कारण त्याला झोपवणारं कोणी उरत नाही. दुसरं कार्ड चालू-बंद करणाऱ्या बंबलबी आणि बीबीस्विच या जुन्या साधनांवरचे सल्लेही सोडून द्या. आजच्या ड्रायव्हरसोबत ते मिसळले की दोन्ही यंत्रणा एकमेकींच्या पायात पाय घालतात.

सगळं 'ऑटो' असूनही कार्ड जागंच राहिलं, तर 'सुडो एलएसओएफ /डेव्ह/एन्व्हिडिया*' चालवा. कार्ड कोणी धरून ठेवलंय त्या प्रोग्रामांची नावं मिळतील. बाहेरचा मॉनिटर लावलेला असेल तर मात्र इलाज थोडा. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट थेट वेगळ्या कार्डालाच जोडलेलं असतं, मग मॉनिटर चालू असेपर्यंत कार्ड झोपणार कसं? टाइप-सी पोर्ट वापरून बघा. काही मॉडेलमध्ये ते प्रोसेसरच्या कार्डाकडे जातं.

जड प्रोग्राम त्या कार्डावर चालवायचा तर त्याच्या आधी 'प्राइम-रन' लावा. स्टीममध्ये गेमच्या लाँच ऑप्शन्समध्ये 'प्राइम-रन %कमांड%' लिहा. वेगळं कार्डही एएमडीचं असेल तर 'डीआरआय_प्राइम=१' पुरतं. 'जीएलएक्सइन्फो -बी' (मोठा बी) एकदा साधं आणि एकदा त्याच्या आधी यातलं योग्य ते लावून चालवलं की रेंडररच्या ओळीत वेगवेगळी नावं दिसायला हवीत.

कार्ड झोपत असूनही ताप उतरत नसेल तर प्रोसेसरकडे वळा. 'सेन्सर्स' चालवून आकडे बघा. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांपर्यंत जाऊन वेग कमी करत असेल तर टर्बो (प्रोसेसरचा तात्पुरता वाढीव वेग) बंद करून फरक पाहा. इंटेलवर '/सिस/डिव्हाइसेस/सिस्टम/सीपीयू/इंटेल_पीस्टेट/नो_टर्बो' मध्ये १ लिहा, एएमडीवर बऱ्याचदा '/सिस/डिव्हाइसेस/सिस्टम/सीपीयू/सीपीयूफ्रेक/बूस्ट' मध्ये ०. रीबूटनंतर हे आपोआप पूर्ववत होतं, त्यामुळे बिनधास्त करा. टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डेमन (तसाच वीज सांभाळणारा प्रोग्राम) दोन्ही एकत्र ठेवू नका, दोघांतलं एकच.

गेम खेळतानाची उष्णता कमी करायला फ्रेमदर (सेकंदाला दिसणारी चित्रं) बांधणं सगळ्यात सोपं: मँगोहड या गेमसाठीच्या साधनामध्ये 'एफपीएस_लिमिट=६०'. पॉवरची मर्यादा लॅपटॉपच्या कार्डांवर पुष्कळदा बदलू देत नाहीत, पण 'सुडो एन्व्हिडिया-एसएमआय -एलजीसी २१०,१२००' ने कार्डाच्या घड्याळाचा (क्लॉकचा) वेग १२०० मेगाहर्ट्झवर अडवता येतो, आणि '-आरजीसी' ने ते परत मोकळं होतं.

एवढं करूनही पंखा ओरडत असेल, तर आता स्क्रू काढा. हवेने धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं.