लाळ्या-खुरकुताची लस टोचली, पण गाय सुरक्षित कधी?

लस टोचली त्या दिवशी गाय सुरक्षित होत नाही. लाळ्या-खुरकुताच्या लसीत ओ, ए आणि एशिया-१ या प्रकारांचे मेलेले विषाणू असतात. ते ओळखून शरीराने प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) तयार करायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणून घोटीच्या बाजारातून जनावर आणायचं असेल, तर गोठ्यातल्या जनावरांचं लसीकरण त्याआधी महिनाभर उरकून घ्या आणि नवं जनावर किमान २१ दिवस वेगळं बांधा.

कालवडीला पहिली मात्रा चौथ्या महिन्यात द्यावी. त्याआधी चिकातून, म्हणजे व्यायल्यानंतरच्या पहिल्या दुधातून, आलेली आईची प्रतिपिंडंच लस निकामी करतात. पहिल्या मात्रेची ताकद लवकर उतरते, त्यामुळे महिन्याने बूस्टर हवाच. इथेच सगळ्यात जास्त चूक होते. नंतर दर सहा महिन्यांनी.

लस २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजे. सिन्नर-येवल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात ती तापते हे सगळ्यांना कळतं. पण बर्फाला चिकटून गोठलेली बाटलीही तितकीच वाया जाते. बाटली बर्फाला थेट टेकू देऊ नका, मध्ये जाड कागद घाला. हलवूनही थर वेगळेच राहत असतील तर ती टोचू नका.

जंतनाशक आठ-पंधरा दिवस आधी पाजा. ताप असलेल्या किंवा अशक्त गाईला लस पुढे ढकला. नंतर एक-दोन दिवस दूध थोडं घटतं, मानेवर गाठ येते; ती चोळू नका, हळूहळू जिरते.