साळ आणि सावर्डे: एसक्यूलाइट आयसीयूसह बांधताना

गोव्यातल्या गावांची यादी डेबियन 12 (लिनक्स प्रणाली) वरच्या एसक्यूलाइट या डेटाबेसमधून क्रमाने काढली, की साखळी, साळ, सावर्डे अशी येते. सावर्डे साळच्या आधी हवे. मूळ पॅकेजात आयसीयू (भाषेप्रमाणे क्रम लावणारी लायब्ररी) नसल्यामुळे अक्षरे युनिकोड क्रमांकाने लागतात आणि तिथे ‘ळ’ येतो ‘व’च्या आधी. मराठीत तो ‘ह’नंतर.

एकाच प्रोग्रामपुरती गरज असेल तर आयसीयूचे वेगळे एक्स्टेंशन (एसक्यूलाइटला जोडायचा भाग) बांधून लोड करा, तेच बरे. सगळ्या प्रोग्रामांना हवे असेल तरच पॅकेज बदला. (आज्ञा टर्मिनलवर रोमन लिपीत द्यायच्या.)

सोर्सेस यादीत डेब-एसआरसी ओळ (सोर्स कोड मिळण्यासाठीची) चालू करून एपीटी, म्हणजे डेबियनचे पॅकेज बसवायचे साधन, त्याचे अपडेट चालवा. मग एपीटी बिल्ड-डेप आणि एपीटी सोर्स, दोन्ही एसक्यूलाइट3 साठी. लिबआयसीयू-डेव्ह बसवा आणि डेबियन/कंट्रोलमधल्या बिल्ड-डिपेंड्समध्येही लिहा.

डेबियन/रूल्समध्ये सीफ्लॅग्जच्या यादीत ‘-डीएसक्यूलाइट_एनेबल_आयसीयू’ जोडा. लिंक करायच्या लायब्ररी (आयसीयूआय18एन, आयसीयूयूसी) लिब्स या चलात टाका, एलडीफ्लॅग्जमध्ये नको: तिथे त्या ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी येतात, ‘अ‍ॅज-नीडेड’ चालू असल्यास लिंकर त्या टाकून देतो आणि ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ येतो.

डीसीएच --लोकल ने आवृत्तीला गोवा असा प्रत्यय लावा, मग डीपीकेजी-बिल्डपॅकेज -बी -यूएस -यूसी. लायब्ररी, एसक्यूलाइट3 आणि आधीपासून असेल तर डेव्ह पॅकेज एकदमच बसवा. ती एकमेकांची नेमकी तीच आवृत्ती मागतात.

प्राग्मा कंपाइल_ऑप्शन्स चालवा, यादीत एनेबल_आयसीयू दिसले पाहिजे. मग कोलेशन, म्हणजे क्रम लावायचा नियम, लोड करायला आयसीयू_लोड_कोलेशन ला ‘एमआर_आयएन’ आणि ‘मराठी’ द्या व ऑर्डर बायमध्ये कोलेट मराठी लिहा. हे लोड करणे प्रत्येक कनेक्शनवर लागते. विसरलात तर ‘नो सच कोलेशन सीक्वेन्स’ ही चूक येते. आयसीयूची आवृत्ती बदलली की या कोलेशनवरचे इंडेक्स रीइंडेक्स करा, नाहीतर शोध चुकीचा चालतो.

सगळ्यात फसवे प्रकरण अपडेटचे. 3.40.1-2गोवा1 पेक्षा सुरक्षा अपडेटची 3.40.1-2+डेब12यू1 मोठी ठरते, कारण तुलनेत अक्षर + च्या आधी लागते. तुमचे पॅकेज गुपचूप बदलले जाते. ते टाळायला एपीटी-मार्क होल्ड (पॅकेज आहे त्याच आवृत्तीवर रोखणे) लावा, पण त्याने सुरक्षा दुरुस्त्याही अडतात, म्हणून दर सुरक्षा अपडेटला नव्या सोर्सवर हेच बदल करून पुन्हा बांधा. आपलीच एसक्यूलाइट सोबत आणणाऱ्या प्रोग्रामांवर मात्र यातल्या कशाचाच परिणाम होत नाही.