सोयाचं मटण करताय? मग या चुका टाळा

पुण्यात मेस चालवून मला सोळा वर्षं झाली. स्पर्धा परीक्षावाली पोरं, जिमवाली पोरं, आणि श्रावण लागला की "काकू, महिनाभर चिकन बंद, त्याच्याऐवजी काय देताय?" म्हणणारी सगळीच. त्याच्याऐवजी म्हणजे सोयाच्या वड्या. रितेश आणि जिनिलिया देशमुखांनी 2021 मध्ये इमॅजिन मीट्स ही वनस्पतीपासून मांसासारखे पदार्थ करणारी कंपनी काढली, तेव्हापासून पोरं फ्रीजरमधल्या पाकिटांचंही विचारतात. विचारा, पण दरवर्षी त्याच त्या चुका बघून माझं डोकं उठतं.

पहिली चूक वजनाची, आणि ही माझी खास नावडती. सोयाच्या वड्यांच्या पाकिटावर 100 ग्रॅमला 52 ग्रॅम प्रथिनं असं छापलेलं असतं. ते कोरड्या वड्यांचं. भिजवून, पिळून त्याच वड्या अडीच-तीन पट जड होतात, आणि तो वाढलेला भार सगळा पाण्याचा.

परभणीचा एक पोरगा दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे होता. स्वतःचा वजनकाटा घेऊन जेवायला यायचा. रश्श्यातून वड्या काढायच्या, वाटीत 100 ग्रॅम मोजायच्या आणि मोबाईलमध्ये 52 लिहायचं. दोन महिने अंगावर काही चढेना, तेव्हा खापर माझ्या तेलावर. मी त्याच्यासमोर 50 ग्रॅम कोरड्या वड्या मोजल्या, उकळल्या, पिळल्या आणि परत काट्यावर ठेवल्या. 140 भरल्या. म्हटलं, "अरे, तू 52 लिहितोस तेव्हा पोटात जेमतेम 18 जातात." कच्च्या मटणातसुद्धा 100 ग्रॅमला 20 च्या आसपास असतात. वडी काही कमी नाही, याचा हिशेब चुकीचा.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण घाईला औषध नाही. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने रूमवर इंडक्शनवर 150 ग्रॅम कोरड्या वड्या शिजवून एका बैठकीत संपवल्या. भिजवलेलं पाणीही टाकलं नाही, "त्यातच ताकद असते" म्हणून. सोयात काही साखरा अशा असतात की त्या आपल्याला पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जंतू त्या आंबवतात आणि वायू होतो. त्यातल्या बऱ्याच पाण्यात उतरतात, म्हणून तर ते पाणी फेकायचं. रूममधले बाकीचे तिघं त्या रात्री गच्चीवर झोपले.

माझी पद्धत सांगते. वड्या कोरड्या असतानाच मोजायच्या, माणशी 30 ते 40 ग्रॅम. मीठ-हळदीच्या पाण्यात सहा-सात मिनिटं उकळायच्या, गार पाण्यातून दोनदा काढायच्या आणि दोन तळहातांत दाबून पिळायच्या, शेवटचं पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग दही, आलं-लसूण आणि कांदा-लसूण मसाला लावून अर्धा तास. हे पिळणं टाळणारे लोकच "सोयाला गवताचा वास येतो" म्हणतात. येणारच. तुम्ही स्पंज घाण पाण्यासकट रश्श्यात टाकलात.

दुसरी मोठी चूक म्हणजे पाकिटाची पुढची बाजू वाचून मागची न वाचणं. माझ्या मोठ्या दादाला बीपी आहे. डॉक्टरांनी लाल मटण कमी करायला सांगितलं, तर भाच्याने वनस्पतीच्या सॉसेजची पाकिटं आणून दिली. दादा रोज नाश्त्याला चार-चार हाणायला लागला. वर हिरवं पान छापलंय, मग काय! महिन्याने बीपी होतं त्याहून वर. आता दोष एकट्या सॉसेजचा कसा म्हणू, लोणचंही सुटलेलं नव्हतं. पण पाकीट उलटं केलं तर सोडियमचा आकडा बघून मीच गार पडले.

हिशेब सोपा आहे. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ म्हणते, म्हणजे सोडियम 2000 मिलिग्रॅम. अमेरिकेतल्या बियाँड मीट कंपनीच्या बियाँड बर्गरच्या, म्हणजे वनस्पतीपासून केलेल्या, 113 ग्रॅमच्या एका टिक्कीतच 350 ते 400 मिलिग्रॅम सोडियम असायचं. तेवढ्याच कच्च्या बीफमध्ये 75 च्या आसपास. मांस शिजवताना आपणही मीठ घालतो हे खरं, पण ती चिमूट आपल्या बोटांत असते. मीठ बघून झालं की त्याच तक्त्यात संपृक्त चरबी बघा. खोबरेल वापरलेलं असेल तर तो आकडाही चढा असतो.

म्हणून ही पाकिटं वाईटच, असंही नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासात 36 जणांनी आठ आठवडे मांस आणि आठ आठवडे वनस्पतीचे पर्याय खाल्ले. पर्यायांच्या काळात वाईट कोलेस्टेरॉल साधारण दहा अंकांनी कमी भरलं, वजनही किलोभर कमी. बीपीत मात्र फरक नाही. अभ्यासाला पैसा बियाँड मीटचा होता, हेही लक्षात ठेवा.

कुयरीला, म्हणजे कोवळ्या फणसाला, मटण समजणं ही तिसरी चूक. कोकणातली कुयरीची भाजी मला जिवापाड आवडते, रेषाही तशाच सुटतात, पण प्रथिनं 100 ग्रॅमला दोन-तीन. सोबत उसळ करा.

"सोया खाल्लं की पुरुषाचं पुरुषपण जातं" हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. 2021 मध्ये 41 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, पुरुषांच्या हार्मोन्सवर परिणाम दिसला नाही. छाती वाढलेल्या ज्या साठ वर्षांच्या माणसाचा दाखला देतात, तो रोज जवळपास तीन लिटर सोया दूध पीत होता. तीन लिटर!

थायरॉइडची गोळी आणि सोया एकावेळी नको, गोळी नीट शोषली जात नाही. किती तासांचं अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा.

मांस कायमचं सोडलं तर बी12 ची रक्ततपासणी करून घ्या. साध्या सोयाच्या वडीत ते नसतं.

हिरवा ठिपका म्हणजे व्हीगन नव्हे, आत दूध असू शकतं. व्हीगनचं वेगळं चिन्ह असतं.

आणि न सांगता वाढू नका. एकदा फळ्यावर "सोया खिमा" लिहिलेलं नजरेआड झालं आणि मुलाला सोडायला आलेल्या एका माळकरी काकांच्या ताटात मी तो वाढला. दोन घास झाल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, हे काय आहे?" सोया आहे म्हणून पाकीट दाखवलं, तरी उठले, चूळ भरली, गळ्यातल्या माळेला हात लावला आणि ताक-भातावर जेवले. मला आधी राग आला होता. पण त्यांच्या जिभेला ते मांसच लागलं होतं, पाकिटावर काही का लिहिलेलं असेना. आता पदार्थ तोच असतो, फळ्यावर दोन ओळी असतात: वर "सोया खिमा", खाली "सोयाच्या चुऱ्याची भाजी, मांस नाही". पोरं वरची वाचून दोन चपात्या जास्त मागतात. माळकरी खालची वाचूनही बटाट्याचीच भाजी घेतात, आणि ती मी त्या दिवशी न चुकता करून ठेवते.